भाडं की हप्ता? वाकडच्या एका फ्लॅटचा हिशेब, पायरीपायरीनं

माझा भाचा आणि भाचेसून पुण्याजवळ वाकडला भाड्यानं राहतात. करार संपत आला तसा घरमालकाचा निरोप आला की यापुढे साडेतेवीसचे सव्वीस हजार, जमत नसेल तर महिनाभर आधी सांगा. त्या रविवारी दोघं माझ्याकडे आले ते ठरवूनच. "मावशी, आता बस्स. महिन्याला सव्वीस हजार दुसऱ्याच्या खिशात घालायचे, वर भिंतीला खिळा मारायचा तर परवानगी मागायची. त्याच सोसायटीत एक फ्लॅट विकायला आहे, ऐंशी लाख सांगतायत. घेऊन टाकतो."

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. "घेऊन टाकतो" हे शब्द टेबलापलीकडून खूप वेळा ऐकले. तसं म्हणणारे बहुतेक जण हिशेब करून आलेले नसत, घरमालकावर चिडून आलेले असत. म्हणून चहा झाल्यावर वही काढली. आम्ही ज्या क्रमानं गेलो त्याच क्रमानं खाली लिहिते आहे. आकडे त्या एका फ्लॅटचे आहेत. तुमच्या वहीत ओळी याच ठेवा, आकडे तुमचे घाला.

पायरी १ : आधी वर्षं मोजा

किती लाख हा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न असा, की याच भागात, याच आकाराच्या घरात तुम्ही किती वर्षं राहणार? भाचा म्हणाला, कायमचं. मग एकेक विचारत गेले. हिंजवडीतली नोकरी बदलली आणि नवी खराडीला लागली तर? रोज दोन्ही बाजूंनी शहर ओलांडणार का? मूल झालं तर सांभाळायला साताऱ्याहून आई-बाबा येणार, मग दोन बेडरूम पुरतील? बायकोच्या कंपनीत बंगळुरूला जायची बोलणी सुरू आहेत, त्याचं काय? कायमचं म्हणता म्हणता उत्तर "तीन-चार वर्षं तरी नक्की" इथवर आलं.

हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून गोल करून ठेवा. पुढचा सगळा हिशेब याच्यावर फिरतो.

पायरी २ : एकाच घराचं भाडं आणि एकाच घराची किंमत

भाड्याच्या जुन्या वन बीएचकेची तुलना स्विमिंग पूलवाल्या नव्या टू बीएचकेशी केली की निकाल कसाही लावता येतो. तुलना त्याच सोसायटीतल्या, त्याच आकाराच्या फ्लॅटची करा. सांगितलेल्या किमतीवरही जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या गावातले, त्या इमारतीतले नोंदवलेले व्यवहार शोधता येतात. त्यातल्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे इंडेक्स टूवर, खरेदीची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. एजंट "कालच पंच्याऐंशीला गेला" म्हणाला तर कोणता मजला, कोणता महिना एवढं विचारा आणि घरी येऊन तपासा. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतलंच, बोला. जाहिरातीतला मोठा आकडा जिन्यासकट असतो.

आता किंमत भागिले वर्षाचं भाडं. इथे ८० लाख भागिले ३ लाख १२ हजार, म्हणजे साडेपंचविसाच्या आसपास. माझा अनुभवाचा ठोकताळा असा, की वीसच्या खाली उत्तर आलं तर घेण्याकडे कल ठेवावा, तिसाच्या वर गेलं तर घाई करू नये, आणि मधे आलं तर पुढचा हिशेब मन लावून करावा.

पायरी ३ : पहिल्याच दिवशी लागणारे पैसे

लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. "वीस टक्के आपले, ऐंशी टक्के बँकेचे" हे पाठ असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. तो सगळा आपल्या खिशातून.

आमच्या वहीतलं पान असं झालं:

स्वतःचा हिस्सा, २० टक्के : १६,००,०००
मुद्रांक शुल्क, ७ टक्के : ५,६०,०००
नोंदणी फी : ३०,०००
एजंट, १ टक्का धरून : ८०,०००
सोसायटीची हस्तांतरण फी : २५,०००
वकील, बँकेची प्रक्रिया फी आणि किरकोळ : ५०,०००
एकूण : २३,४५,०००

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १ असे मिळून ७ टक्के होतात, मुंबईत ६. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की जाते. हे ऐकताच भाचेसून म्हणाली, "मग माझ्या एकटीच्याच नावावर घेऊ या की!" ऐंशी हजार वाचतात हे खरं. पण मालकीत नाव नसेल तर नवऱ्यानं हप्ता भरूनही त्याला जुन्या करप्रणालीतली वजावट मिळत नाही, हेही तिच्यासमोरच सांगितलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. हस्तांतरण फीवर सहकारी सोसायट्यांना महाराष्ट्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. "विकास निधी"च्या नावाखाली जास्त मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं, आवाज आपोआप खाली येतो.

बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ऐंशी लाखांवर आणखी चार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. फर्निचर, ग्रिल, पंखे, गीझर मी यात धरलेच नाहीत. तीन लाख तरी बाजूला ठेवा.

या तेवीस लाख पंचेचाळीस हजारांपैकी सोळा लाख घरात राहतात. उरलेले ७,४५,००० पहिल्या दिवशी गेले ते गेले. या आकड्यालाही गोल करा.

दोघांची शिल्लक एकोणीस लाख होती. "बाकीचे बाबा देतील," भाचा म्हणाला. बाबा म्हणजे माझे मेहुणे, निवृत्त शिक्षक. देतील म्हणजे मुदत ठेव मोडतील. मी तिथे काही बोलले नाही, वहीत तेवढं लिहून ठेवलं.

पायरी ४ : परत न येणारे पैसे

भाडं परत येत नाही हे सगळ्यांना कळतं. पण कर्जाचं व्याज तरी कुठे परत येतं? ते बँकेच्या पैशाचं भाडंच आहे. म्हणून भाड्याची तुलना अख्ख्या हप्त्याशी करायची नाही. हप्त्यातलं मुद्दल आपल्याच घरात साठतं. दोन्ही बाजूंनी फक्त जाणारे पैसे मोजायचे.

६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर हप्ता साधारण ५५,५४० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज ४५,३३३ आणि मुद्दल जेमतेम १०,२००.

घेतलं तर पहिल्या वर्षी जाणारे पैसे:
व्याज : ५,३९,०००
सोसायटीचा मेंटेनन्स : ४२,०००
मालमत्ता कर आणि दुरुस्ती : २७,०००
गुंतवलेल्या २३.४५ लाखांवर बुडालेलं उत्पन्न, कर वजा जाता ५ टक्क्यांनी : १,१७,०००
एकूण : ७,२५,०००

भाड्यानं राहिलं तर:
भाडं : ३,१२,०००
करार, एजंट, घर बदलण्याचा खर्च, वर्षाकाठी सरासरी : २३,०००
अनामत रकमेवर बुडालेलं व्याज : ५,०००
एकूण : ३,४०,०००

फरक ३,८५,००० रुपयांचा. फ्लॅटच्या किमतीच्या हे ४.८ टक्के होतात. म्हणजे फ्लॅटची किंमत दरवर्षी एवढी वाढली, तर त्या वर्षापुरते दोन्ही रस्ते सारखे.

चौथी ओळ भाच्याला पटेना. "ते पैसे कुठे खर्च झालेत?" खर्च नाही झाले. पण मुदत ठेवीत असते तर वर्षाला लाखभर आणून देत होते, ते थांबलं. बाबांची ठेव मोडली तर बाबांचं थांबलं. एवढं ऐकल्यावर त्यानं ती ओळ खोडायचा हट्ट सोडला.

मेंटेनन्सचा आकडा मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून घ्या, एजंटच्या तोंडून नको. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि ज्या सोसायट्या टँकरवर तगतात तिथे उन्हाळ्यातलं बिल वेगळंच असतं. एप्रिल-मेची बिलं मुद्दाम मागा.

पायरी ५ : कोपऱ्यातला आकडा आता कामाला लावा

ते गेलेले ७,४५,००० राहण्याच्या वर्षांवर वाटा. तीनच वर्षं राहणार असाल तर वर्षाला अडीच लाख, म्हणजे किमतीच्या आणखी ३.१ टक्के. मग फ्लॅट दरवर्षी जवळपास ८ टक्क्यांनी वाढला तरच बरोबरी. दहा वर्षं राहणार असाल तर पाऊण लाखच वाटणीला येतात आणि ५.७ टक्के पुरतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी पुरतील, कारण भाडं चढत जातं आणि व्याज उतरत जातं. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर दहाव्या वर्षी ते ४ लाख ८४ हजार होईल, आणि त्या वर्षीचं व्याज असेल ३ लाख ९४ हजार. घर घेणाऱ्याचं पारडं जड होतं ते असं, उशिरा.

पण तोवर तग धरावा लागतो. नऊ वर्षांत या कर्जापोटी साठ लाख भरून होतात आणि मुद्दल चौसष्टवरून साडेसत्तेचाळीस लाखांवर आलेलं असतं. हा तक्ता कर्ज घेण्याआधी बँकेकडून मागून घ्या. हातात आल्यावर लोक गप्प होतात, हे मी पाहिलेलं आहे.

किंमत किती टक्क्यांनी वाढेल? मला कुणी विचारलं तर मी सांगत नाही. ज्याला आठ टक्क्यांची खात्री आहे त्यानं ती खात्री लिहून द्यावी. त्याच इमारतीतला आठ-दहा वर्षांपूर्वीचा इंडेक्स टू आणि आजचा, दोन्ही शेजारी ठेवले तर निदान मागचं तरी कळतं.

पायरी ६ : एका पगारावर, वाढलेल्या दरात

कर्ज मंजूर झालं म्हणजे ते तुम्हाला परवडतं असं नाही. बँक आपले पैसे सुटतील का एवढंच बघते. मी तेच बघत होते.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४५ हजार. हप्ता त्याच्या ३८ टक्के. कागदावर ठीक. आता भाचेसून बाळंतपणानंतर वर्षभर घरी राहिली असं धरा. एकट्याचे ८० हजार, त्यातून हप्ता गेला की साडेचोवीस हजार उरतात. त्यात बाळ, गाडी, मेंटेनन्स आणि साताऱ्याच्या फेऱ्या.

दुसरी परीक्षा दराची. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. आपलं कर्ज साडेआठवरून साडेदहावर गेलं तर हप्ता ६४ हजारांच्या घरात जातो. पण बँका सहसा हप्ता वाढवत नाहीत, मुदत लांबवतात. ग्राहकाला कळतही नाही. इथे मात्र तीही वाट बंद आहे. ६४ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच ५६ हजार होतं, जुना ५५,५४० चा हप्ता व्याजालासुद्धा पुरत नाही. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारावं असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. विचारलं नाही तर आपण जाऊन विचारावं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाकावा.

घर घेऊन झाल्यावर सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च खात्यात शिल्लक राहत नसेल तर अजून वेळ आलेली नाही.

करसवलतीसाठी घर घेऊ नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. जुन्या प्रणालीत व्याजाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते आधी बघा.

पायरी ७ : भाड्यानं राहायचं ठरलं तर

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. "नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं" यात कुणाचंच भलं नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं १० टक्के व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे सव्वीस हजार भाडं आणि लाखाची अनामत असेल तर साडेसातशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं.

करारात पुढची वाढ किती टक्के, लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही असा काळ, दोन्ही बाजूंनी किती, मेंटेनन्स कोण भरणार आणि रंगाचे पैसे कापणार का, ही चार वाक्यं स्पष्ट हवीत. रंगावरूनच सगळे वाद होतात. आम्ही तरुणपणी सोडलेल्या एका घराची अर्धी अनामत "रंग" या एका शब्दात गेली, आणि भिंतींना आम्ही येण्याआधीचीच ओल होती. तेव्हा फोनला कॅमेरा नव्हता. तुमच्याकडे आहे. किल्ली घेतल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, दरवाज्याचे फोटो काढून मालकाला पाठवा. दुसरं असं, की मुदत संपल्यावर कराराशिवाय राहू नका. मालकानं दावा लावला तर कायद्यानं दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं.

आता खरी अट. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून एकोणसाठ हजार झाले असते, भाडं सव्वीस. मधले तेहेतीस हजार जर हॉटेल, नवी गाडी आणि ऑनलाइन खरेदीत गेले, तर वरचा सगळा हिशेब रद्द समजा. मग कर्जाचा हप्ताच बरा, तो निदान सक्तीनं बचत करवतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी निदान पंचवीस-तीस हजार आपोआप खात्यातून निघून आवर्ती ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात जायला हवेत.

पायरी ८ : घ्यायचंच ठरलं तर

नवं बांधकाम असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ताबा देण्याची मूळ तारीख कोणती, ती किती वेळा पुढे ढकलली, आणि त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प कधी पुरे झाले ते बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्याला उशीर झाला तर कायद्यानं व्याज मागता येतं, पण तोवर भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही तुमच्याच खात्यातून जात असतं. म्हणून पायरी ३ च्या पानावर उशिराचे बारा महिने भाडं वाढवून धरा.

जुना फ्लॅट असेल तर आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेनं दिलेली परवानगी, बघा. ते नसेल तर किंमत का कमी आहे ते कळलं. वकिलाकडून तीस वर्षांचा मालकी हक्काचा शोध करून घ्या. तुमच्या बँकेचा वकील बँकेसाठी तपासतो, तुमचा वेगळा असू द्या. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात, तिथून थकबाकीचं पत्र आणा. पार्किंगचे वेगळे चार-पाच लाख मागितले तर नीट चौकशी करा. खुली आणि स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, खरेदीदारानं कापून भरायचा असतो. तो विकणाऱ्याच्या रकमेतूनच जातो. विकणारा परदेशात राहत असेल तर नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका.

नदीकाठचं घर असेल तर पूररेषेचा नकाशा बघा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते सगळ्या पुण्यानं पाहिलं. आणि शहराच्या कडेला गुंठ्या-दोन गुंठ्यांवर बांधलेल्या, नोटरीवर विकल्या जाणाऱ्या इमारतींपासून लांब राहा. बँक कर्ज देत नाही, यातच काय ते समजा.

त्या दोघांनी काय केलं ते सांगते. साडेबाराला वही मिटली, जेवायला बसलो. संध्याकाळी भाच्यानं घरमालकाला फोन केला. बोलणी होऊन भाडं पंचवीस ठरलं, करार दोन वर्षांचा, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ. महिन्याचे तीस हजार दोन तारखेला बाजूला पडतात. बाबांची ठेव साताऱ्यात जागेवर आहे. दोन वर्षांनी, बंगळुरूचं काय ते ठरल्यावर, हेच पान पुन्हा उघडायचं असं ठरलं आहे.

करारात भाचेसुनेनं एक कलम वाढवून घेतलं: भिंतींना दहा खिळे मारण्याची मुभा. घरमालक दोनदा कुरकुरला, मग तयार झाला.